राइट ऑफ

द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या त्या ऑफिसात उज्वला पगारे चौदा वर्षं होती. नाशिक रोडहून दोन बस बदलून यायची. इंग्रजी तिची ती शिकली होती. ग्राहकांच्या मेलमधली चांगली वाक्यं वहीत उतरवायची आणि संधी मिळताच वापरायची. नव्या माणसांना हर्षलशेठ सांगत, "मेल ताईंना दाखवल्याशिवाय पाठवायचा नाही."

मार्चमध्ये हॉलंडच्या व्यापाऱ्याकडे अठरा लाख अडकले. शेठ म्हणाले, "ताई, बाकी मिटवा म्हणून लिहा. पण जरा गोडीत."

'प्लीज क्लिअर' तिला उद्धट वाटलं. याच व्यापाऱ्याने मागे एका खराब कंटेनरबद्दल 'राइट ऑफ' लिहिलं होतं आणि मग तो विषय मिटला होता. राइट ऑफ म्हणजे हिशेब मिटवणं, असं तिने धरून चाललेलं. तिने लिहिलं, 'वी विश टू राइट ऑफ युअर बॅलन्स धिस मंथ.' वाक्य तिला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, आभारांनी भरलेलं. ती हसतच प्रिंट घेऊन केबिनमध्ये गेली.

शेठनी दोनदा वाचलं. "ताई, तुम्ही बाकी माफ केलीत."

"नाही हो. मिटवा म्हटलंय."

"राइट ऑफ म्हणजे सोडून देणं! बुडीत खात्यात टाकणं!"

तिने लगेच खुलासा पाठवला, शब्दन् शब्द डिक्शनरीत तपासून. त्यात एकही चूक नव्हती. उत्तर एका ओळीचं आलं: तुमचा पहिला मेल आम्ही मान्य केला आहे. वकीलही म्हणाला, भांडता येईल, पण वर्षं जातील आणि खर्चही परवडायचा नाही.

शेठ ओरडले नाहीत. आठवड्याने खाली मान घालून म्हणाले, "मेल आता तेजल बघेल. तुम्ही पॅकहाउसला जा. पगार थोडा कमी होईल."

शेचाळिसाव्या वर्षी नवीन नोकरी कोण देणार? उज्वला गेली. थंड शेडमध्ये, डोक्याला जाळीची टोपी घालून ती खोक्यांवर लेबलं चिकटवू लागली. शेजारच्या रंगूबाईंनी विचारलं, "ताई, यावर काय लिवलंय वं?"

"काही नाही," उज्वला म्हणाली आणि पुढचं खोकं ओढलं.