मंगळवारचं पाणी

राज्याने पाण्याचा नवा कायदा केला, तेव्हा आमच्या पाणी मंडळात आधी सगळे हसले आणि मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

कायद्याची प्रत अध्यक्षबाई मोठ्याने वाचत होत्या. त्यांचं बाजारात चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे बारीक अक्षर वाचायचं काम आपोआप त्यांच्याकडे येतं. मंडळाचं ऑफिस म्हणजे पंपघराला चिकटलेली एक खोली. मधोमध बैठकीचं टेबल, खिडकीखाली माझं तपासणीचं टेबल, आणि भिंतीपलीकडून पंपांची घरघर. ती घरघर आम्हाला ऐकू येत नाही. थांबली तर मात्र लगेच कळतं.

"'ज्या स्थानिक पाणीपुरवठा संस्थेत पाण्यावर प्रक्रिया करणारी व्यक्ती आणि पाण्याची तपासणी करणारी व्यक्ती एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतील, तेथे दोघांपैकी एकाने पद सोडावे.'"

"जवळचे म्हणजे कोण कोण?" कारकुनाने विचारलं.

"आईवडील, भावंडं, नवरा-बायको, काका, मामा..."

"मामा धरलाय? मग संपलंच. उद्यापासून ऑफिसला कुलूप. इथे कोणाचा मामा नाही तो?"

यावर सगळे हसले. मंडळातले झाडून सगळे माझ्या मामाला मामाच म्हणतात. ही सवय माझ्यामुळे लागली. आई-बाबांच्या बदलीच्या नोकऱ्या, त्यामुळे माझी शाळा मामा-मामीकडे झाली. दुपारी त्याचा डबा घेऊन मी पंपघराच्या फाटकातून "माऽमाऽऽ" अशी हाक मारायची. पंपांच्या आवाजावर मात करायची तर तेवढं ओरडावंच लागायचं. ती हाक ऐकून ऐकून आधी वॉचमन, मग कारकून, आणि शेवटी अध्यक्षबाईसुद्धा त्याला मामा म्हणायला लागल्या. त्या त्याच्याहून मोठ्या आहेत.

पण मंडळातला एकच मामा कायद्याच्या व्याख्येत बसत होता, आणि त्याची भाची मी. मामा पंप, गाळणी आणि क्लोरीन सांभाळतो. मी रसायनशास्त्र शिकून गेल्या वर्षी इथे पाणी तपासायला लागले. मला दुसरीकडेही नोकरी मिळत होती. मला ही खिडकी आणि ही घरघर हवी होती.

मामा दाराशी उभा राहून हात पुसत होता. हात केव्हाच कोरडे झाले होते.

"मी होतो की बाजूला," तो म्हणाला. "गोदामात बसेन. पाईप सांभाळेन."

"तुम्ही दिवसभर सल्ले द्याल, पाईप कंटाळून गंजतील," अध्यक्षबाई म्हणाल्या. "थांबा जरा. खाली सवलत दिली आहे. संस्था लहान असेल, वर्षभराचे सगळे अहवाल निर्दोष असतील आणि सुनावणीत अधिकाऱ्यांची खात्री पटली, तर सूट मिळू शकते." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "अहवाल कसे आहेत गं?"

"एकही वाईट नाही," मी म्हणाले. आवाजात जरा जास्तच ताठा आला असावा. "पुढच्या आठवड्यात सुनावणी आहे ना? मी मांडते आपली बाजू."

मला त्या कलमाचा रागच आला होता. मामा काय माझ्यासाठी खोटं बोलणार? तो पत्ते खेळतानासुद्धा हातातला हुकूम चेहऱ्यावर दाखवून बसतो.

"अगं, कशाला उगाच एवढा खटाटोप," मामा पुटपुटला आणि पंपघरात गेला. तो लाजला, असं मला वाटलं.

लाजणं हा खरं तर आमच्यातला शब्द आहे, आणि तो पाण्याबद्दल आहे. छोट्या काचेच्या नळीत पाणी घ्यायचं आणि त्यात एक गोळी विरघळवायची. पाण्यात क्लोरीन शिल्लक असेल तर ते गुलाबी होतं. जितकं जास्त, तितकं गडद. शिल्लक क्लोरीन म्हणजे नळापर्यंतच्या वाटेत जंतू भेटलेच, तर त्यांच्याशी दोन हात करायला उरलेली ताकद. मी पहिल्यांदा नळी उजेडात धरली, तेव्हा मामा खांद्यावरून डोकावून म्हणाला होता, "लाजलं की गं!" तेव्हापासून दर मंगळवारी मी नमुने घेऊन आले, की तो दारातून विचारतो, "लाजलं का?" आणि मी म्हणते, "लाजलं."

तपासणीचा वार मीच ठरवला होता. मंगळवारी नमुने घेतले, की जंतूंच्या चाचणीला आठवड्यातले पुरेसे दिवस मिळतात. त्यात मला सोय दिसली. दुसरं काही दिसलं नाही.

त्या मंगळवारी नमुने झाल्यावर मी नेहमीसारखी मामीकडे चहाला गेले. मामीचं स्वयंपाकघर इतकं अरुंद आहे, की एक जण चहा करत असेल तर दुसऱ्याने ओट्यावर चढून बसावं लागतं. मी शाळेत असल्यापासून ओट्यावरच बसते.

"काय शास्त्रज्ञ, कायदा जिंकणार की तू?"

"मी. वर्षभराचा आलेख काढलाय मामी. एक ठिपका इकडचा तिकडे नाही. मला तर प्रेमच बसलंय त्या आलेखावर."

"बसू दे. माणसावर बसेपर्यंत तेवढंच." मामीने खालच्या फडताळातून झाकलेलं पातेलं काढलं आणि त्यातलं पाणी चहाला घातलं.

नळ तिच्या कोपराशी होता.

"नळाचं का नाही घेत?"

"आज मंगळवार ना. तुझ्या वाराला पाण्याला वास असतो. चहाचा पार सत्यानाश होतो. म्हणून मी सोमवारीच भरून ठेवते."

"माझ्या वाराला म्हणजे?"

"म्हणजे तू तपासतेस तो वार." मामीने आलं ठेचायला घेतलं. "तुझ्या तपासणीला लागतंच ना ते जास्तीचं औषध? शेजारची पण सोमवारीच भरते. मीच सांगितलं तिला."

मी ओट्यावरून खाली उतरले. चहा प्याले, पण तो कसा झाला होता ते आता आठवत नाही.

गुरुवारी मी कोणाला न सांगता बाटल्या घेऊन निघाले. आमची मुख्य पाईपलाईन पंपघरापासून उतारावरून जाते, आणि सगळ्यात शेवटी एका बालवाडीपाशी संपते. तिथे टाकी आहे. तिच्यात पाणी बराच वेळ पडून राहतं, त्यामुळे तिथलं क्लोरीन उडून जाण्याची भीती सगळ्यात जास्त. मी बालवाडीच्या बुटक्या नळासमोर उकिडवी बसले, नळी भरली आणि गोळी टाकली. माझ्याभोवती पोरं जमली.

"जादू आहे का?" एकीने विचारलं.

"हो. आता गुलाबी होईल बघ."

आम्ही सगळ्यांनी वाट पाहिली. गोळी विरघळली. पाणी होतं तसंच राहिलं. अगदी पांढऱ्या कागदासमोर धरलं, तर गुलाबी रंगाची शंका यावी, एवढंच.

"नाही आली जादू," ती म्हणाली, आणि सगळी पोरं झोपाळ्याकडे पळाली. त्यांच्या बाईंना मी पिण्याचं पाणी चार दिवस उकळून द्यायला सांगितलं. जंतूंसाठी वेगळा नमुना घेतला. पुढे तो सुदैवाने स्वच्छ निघाला, पण ते तेव्हा मला माहीत नव्हतं. परत आले ती थेट पंपघरात शिरले.

पंपघरात हळू बोलता येत नाही. त्यामुळे आमचं भांडण, आणि भांडणात जी मायेची वाक्यं येतात तीसुद्धा, आम्ही ओरडूनच बोललो.

"मंगळवारी क्लोरीन वाढवतोस तू!"

मामाच्या हातातला पाना तसाच राहिला. हुकूम चेहऱ्यावर आला होता.

"थोडंसं!"

"का?"

"तुझ्या सरावाच्या आठवड्यात बालवाडीचा नमुना फिका आला होता! आठवतं? तू दुपारी जेवली नव्हतीस! एवढं शिकून आली पोरगी, आणि पहिलाच अहवाल वाईट जाणार! मला बघवेना!"

"म्हणून फसवलंस?"

"फसवलं काय?" मामा खरोखर दुखावला. "घरी पाहुणे येणार असले की आपण चादर बदलतो की नाही? ती काय फसवणूक असते?"

"मामा, ती पोरं पाहुणी नाहीत! ती रोज तेच पाणी पितात! त्यांना बुधवारची चादर मिळते!"

त्याने पाना खाली ठेवला. मग तो जे बोलला ते मला ऐकू आलं नाही, ओठांवरून कळलं. तो म्हणाला, "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

आम्ही बाहेर पायऱ्यांवर जाऊन बसलो. रोज का वाढवत नाही, हे त्याने मग शांतपणे सांगितलं. इथून वाढवलं तर जवळच्या घरांना वास येतो आणि लोक शिव्या घालतात; कमी केलं तर शेवटच्या टाकीपर्यंत काही उरत नाही. यातून त्याने आठवड्यात एक दिवस माझ्यासाठी आणि सहा दिवस लोकांसाठी, अशी वाटणी केली होती.

"त्या टाकीपाशीच थोडंसं क्लोरीन सोडायची सोय केली तर?" मी म्हटलं. "छोटा पंप. इथलं आहे तसंच ठेवायचं."

"हे तू आधी का नाही सुचवलंस?"

"माझा आलेख चांगला होता ना! दुखणं दिसलंच नाही, तर औषध काय सुचवू?"

मामाने मान खाली घातली. मग म्हणाला, "सुनावणीत काय सांगणार?"

"तुला काय वाटतं?"

"मला वाटतं, मी इस्त्रीचा शर्ट घालून येतो."

सुनावणीची खोली उंच छताची आणि गार होती. अध्यक्षबाईंना मी सगळं आधीच सांगितलं होतं. त्या वाटेत एवढंच म्हणाल्या होत्या, "माझ्या दुकानात लोक अक्षरं पाठ करून येतात. डोळे चांगले आहेत असं मला वाटावं म्हणून. चष्मा मात्र त्यांनाच चुकीचा जातो."

अधिकारी बाईंना सर्दी झाली होती. माझं बोलणं संपेपर्यंत त्यांनी रुमाल नाकावरून काढला नाही.

"म्हणजे तुम्ही सूट मागायला आलात, आणि सूट देऊ नका म्हणताय?"

"हो. आमचे मंगळवारचे आकडे खरे आहेत. पण ते फक्त मंगळवारचे आहेत."

"आणि क्लोरीन वाढवायला तुम्हीच सांगितलं होतं?"

"ती?" मामा मागच्या खुर्चीवरून उठला. "अहो, तिला कळलं असतं तर तिने मलाच नळीत घालून वर गोळी टाकली असती. केलं ते मी केलं. वाईट हेतूने नाही केलं, पण हेतूने पाणी शुद्ध होत नाही, हे मला आता कळलंय."

अधिकारी बाईंनी रुमाल काढला. त्या हसत होत्या की शिंकणार होत्या, ते कळलं नाही.

सूट मिळाली नाही. मामाला लेखी समज मिळाली. ती त्याने घडी करून इस्त्रीच्या शर्टाच्या खिशात ठेवली. आता दोघांपैकी एकाला जायचं होतं, आणि शेवटच्या टाकीपाशी पंप बसवायचं काम मामाशिवाय होणार नव्हतं. ते मला गुरुवारपासूनच माहीत होतं. उठता उठता अधिकारी बाई वैतागून म्हणाल्या, की शेजारच्या गावातही हीच भानगड आहे: भाऊ पंप चालवतो आणि बहीण तपासते.

"मग आम्ही अदलाबदल केली तर?" मी विचारलं. "तिने आमचं पाणी तपासायचं, मी त्यांचं."

त्यांनी कायद्याची पानं उलटली, परत उलटली. "याला कुठे मनाई दिसत नाही," त्या म्हणाल्या.

आता माझं टेबल शेजारच्या गावातल्या पंपघरात आहे. तिथल्या पंपांची घरघर वेगळ्या सुरातली आहे. ती मला अजून ऐकू येते. तिथला भाऊ पहिल्याच दिवशी गोड हसून म्हणाला, "मॅडम, साधारण कुठल्या वारी तपासता तुम्ही?" मी म्हटलं, "सांगत नाही." त्याचा चेहरा पाहून मला मामाची फार आठवण आली.

त्याची बहीण आमच्याकडे येते. उंच, मोजकं बोलणारी. केव्हाही येते. पहिल्यांदा आली तेव्हा मामाने चहा विचारला. ती नको म्हणाली. तिने नळी उजेडात धरली, तेव्हा मामाला राहवलं नाही.

"लाजलं का?"

"कोण?" तिने विचारलं.

मामाने हे मला घरी सांगितलं, तेव्हा तो इतका उदास होता, की मामीला हसू आवरेना.

शेवटच्या टाकीपाशी छोटा पंप बसला. तो नीट चालतोय ना, हे बघायला मामा रोज सकाळी उतारावरून बालवाडीपर्यंत जातो. पोरं त्यालाही मामा म्हणायला लागली आहेत. मी मात्र तिथे नळी घेऊन जात नाही. आता तो माझा प्रांत नाही.

परवा सुट्टीच्या दिवशी मी मामीकडे होते. ओट्यावर बसले होते. मामीने हात धुतले, पातेलं घेतलं आणि बोलता बोलता कोपराशी असलेला नळ सोडला. पाणी पातेल्यात पडायला लागलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आज मंगळवार आहे.

मामाच्याही लक्षात आलं असावं. तो दारातून आत शिरला, आणि त्या एवढ्याशा जागेत कसाबसा वाकून त्याने पातेल्यावर नाक नेलं.

"अहो, चहा करू द्या आधी," मामी म्हणाली. "काढा ते नाक."