वहिनीसाठी सपाट केलेला रस्ता

मी टेकडीवरच्या घराकडे चढणारा कच्चा रस्ता. आता रस्ता म्हणायचं ते सवयीने. पाहाल तर ओढाच वाटेन. घाई नसेल तर टेका जरा, सांगतो.

दोन भावांनी मला खोदलं. थोरला वर राहायचा, धाकटा पायथ्याशी. उताराचं पाणी माझ्यावरून धावू नये म्हणून त्यांनी माझ्या अंगावर जागोजागी तिरप्या चरी काढल्या, खालच्या कडेला दगड बसवले. पाणी चरीत शिरायचं आणि बाजूच्या गवतात निघून जायचं. जाता-येता चरीतला गाळ पायाने सारायचा, ही घरची रीत. थोरल्याची बायको तर डोक्यावर ओझं असलं तरी थांबायची.

मग तिची कंबर गेली. दवाखान्यात न्यायला जीप यायची. दर चरीला गाडी आदळायची आणि ती "आई गं!" करायची. धाकट्याला ते बघवेना. त्याने एकट्याने खपून सगळ्या चरी बुजवल्या, वर माती चोपून बसवली.

पुढच्या खेपेला ती जीपमधून हसत म्हणाली, "भावोजी, पोटातलं पाणी हललं नाही हो!"

"मग! दीर कुणाचा?"

थोरला मात्र मागे वळून बघत होता. "अरे, पण पावसाचं पाणी जाईल कुठून?"

"दादा, पाण्याची काय कंबर दुखतेय? जाईल कुठूनही."

गेलं. माझ्यावरूनच गेलं. चाकोरी धरून सुटलं, चाकोरीची घळ झाली, घळीत कडेचं शेत उतरलं. एका सकाळी जीपवाला पायथ्याशीच थांबला. "वर न्यायची तर गाडीला पंख लावा," म्हणाला. वहिनीला खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणलं. ती कण्हलीसुद्धा नाही. दिराला ऐकू जाईल म्हणून.

आता थोरला आणि ती लेकीकडे असतात. वरच्या घराला कुलूप आहे. धाकटा दगड आणून घळीत टाकतो. पुढच्या पावसात ते त्याच्याच दारात येऊन पडतात. फोनवर ती विचारते, "भावोजी, रस्ता झाला का हो? मला माझ्या घरी यायचंय."

"होतोय, वहिनी," तो म्हणतो, माझ्याकडे पाठ करून.

मी काही होत नाही. गेलेली माती चढ चढून परत येत नसते. तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल तर त्याच्या चरी बुजवू नका. गाडी हळू हाका, एवढंच. माझं राहू द्या.

आभाळ भरून आलंय. उठा आता, उतरा. आणि कडेने जाऊ नका, कड ढासळतेय.