नावं ठेवायला एक घोट

माझ्या बिअरला बापाने तीस वर्षं नावं ठेवली. कधी फेस फार, कधी फेसच नाही, कधी त्यात घातलेल्या जुनिपरच्या फांद्यांचा वास कमी. "ओड्वार, ही काय गाईला पाजायची?" यंदा नाताळची बिअर अशी करायची की म्हाताऱ्याचं तोंडच बंद झालं पाहिजे, असं मी ठरवलं होतं.

नोव्हेंबरात बिअर आंबून झाली. स्टीलच्या पिंपात भरली, फेसासाठी कार्बन डायऑक्साइड गॅसचा छोटा सिलिंडर जोडला आणि दोन्ही पडवीतल्या फ्रिजमध्ये दोन अंशांवर ठेवली. थंडीत गॅस हळूहळू मुरतो, दोन आठवडे तरी लागतात. तोवर मी फ्रिजचं दारही उघडणार नव्हतो.

चौथ्या दिवशी वृद्धाश्रमातून बहिणीचा फोन आला.

"बाबांनी जेवण सोडलंय," सिगरुन म्हणाली. "तुझी बिअर मागतायत."

"अजून मुरली नाहीये गं. सपक लागेल."

"अरे, एक घोट तर हवाय त्यांना!"

तिने फोन बाबांच्या कानाला लावला.

"चांगली कोण मागतंय तुझ्याकडे, गाढवा?" आवाज अगदी खोल गेला होता. "नावं ठेवायला काहीतरी आण."

"दहा दिवस थांबा, बाबा. या खेपेला कौतुकच कराल."

"बरं बाबा, थांबतो," ते म्हणाले.

नवव्या दिवशी गेले.

त्यांना पुरून मंडळी घरी आली. मी फ्रिज उघडला, नळ सोडला, तर बिअर धड बाहेर येईना. आली ती मेलेली, एक बुडबुडा नाही. सिलिंडरचा काटा शून्यावर. झाकणाला साबणाचं पाणी लावून गळती बघायची, हे बाबांनीच मला शिकवलेलं. मी घाईत तेवढंच विसरलो होतो. गॅस कधीच निसटून गेला होता. ज्या बिअरसाठी मरणाऱ्या माणसाला ताटकळत ठेवलं, ती त्या फोनच्या दिवशी होती तशीच होती. आग लागो माझ्या हट्टाला!

तीच पेल्यांत ओतली. पाद्री म्हणाले, "छान आहे हो." शेजारीण म्हणाली, "थंडगार आहे, बरी लागते." सिगरुनने माझ्याकडे न बघता पेला संपवला.

मी एकेकाच्या तोंडाकडे बघत उभा राहिलो. कोणीच नावं ठेवली नाहीत.