ढोलावरचा नेम

कॉब्ज बेंडचा वारा असा, की तिथल्या बायका कपडे वाळत घालून निवांत कॉफी पीत बसायच्या आणि दुपारी पूर्वेच्या गावात जाऊन ते गोळा करायच्या. त्यांच्या दोरीवर तोवर पश्चिमेकडच्यांचे येऊन लटकलेले असत. मापात बसले तर परत कोण करतो? ओक्लाहोमाच्या त्या सपाट पट्ट्यात झाडंसुद्धा कंबर धरल्यासारखी वाकलेली.

अशा गावात ऑरिन टॅडलॉक चेंडूला लाथ मारायला शिकला. फुटबॉल तिकडे हातांचा आणि खांद्यांचा खेळ. धिप्पाड गडी दुपारभर एकमेकांची हाडं खिळखिळी करतात, आणि अडलं की किकरला बोलावतात: जा, दोन खांबांमधून चेंडू काढ. गेला तर सगळ्यांचं यश, चुकला तर एकट्याचं नाव.

ते नाव टॅडलॉकांच्या घराला आधीच लागलं होतं. ऑरिनचा काका डेलबर्ट तरुणपणी गावच्या शाळेसाठी शेवटची किक उजवीकडून बाहेर घालवून बसला. वारा ढिला वाटला म्हणून त्याने सरळ मारली, आणि वाऱ्याने ती उडवून नेली. आता मिशा पांढऱ्या झाल्या, तरी लोरीनच्या कॅफेत कुणी ना कुणी म्हणायचंच, "डेलबर्टराव, जपून हं. दार मधोमध आहे." काका शेजारच्या खुर्चीवर हॅट ठेवून एकटाच बसायचा. त्या खुर्चीत आपण बसायचं नाही, हे ऑरिनने लहानपणीच ठरवून टाकलं होतं.

आता तो कॉलेजातला सगळ्यात म्हातारा विद्यार्थी होता. एका कॉलेजातून दुसऱ्यात जात, दुखापतीच्या नावाने वर्षं वाढवून घेत, अजून लाथाच मारत होता. उजवा खुबा सकाळी त्याच्या आधी उठून कुरकुरायला लागे. बरोबरीचे बाप झाले होते. संघातली पोरं त्याला आजोबा म्हणत. आज त्याची शेवटची मॅच. जिंकायची हौस कधीच आटली होती. नाव न लागता घरी जाऊन पडावं, एवढंच मनात होतं.

वेळ संपत आलेली, संघ दोन गुणांनी मागे. किक गेली तर तीन गुण. कोचने नुसती मान हलवली. अशा वेळी किकरशी कुणी बोलत नाही; त्याला देवीचा रोग झाल्यासारखे सगळे लांब सरकतात. बोलतो तो फक्त चेंडू जमिनीवर टेकवून धरणारा, मॅकी पेटिट.

"आजोबा, नेम कुठे?"

"कुठे म्हणजे? ढोलावर."

वारा कायम डावीकडून, म्हणून ऑरिन डाव्या खांबाबाहेर बसलेल्या बँडच्या मोठ्या ढोलावर नेम धरी. चेंडू ढोलाकडे निघे आणि वारा त्याचा कान धरून त्याला मधोमध आणून सोडी.

मॅकीने चेंडू टेकवला. ऑरिनने मारला. चेंडू ढोलाकडे निघाला, वळला आणि खांबांच्या ऐन मधून गेला. पण शिट्टी आधीच झाली होती. पलीकडच्या कोचने आयत्या वेळी खेळ थांबवून घेतला होता. किकरला उभ्या उभ्या गारठवायची तिकडची जुनी खोड. किक धरली गेली नाही.

"हलकट मेला," मॅकी म्हणाला. "पुन्हा मारायची आता. पाय काय म्हणतोय?"

"म्हणतोय, तू जा, मी बसतो."

आणि तेवढ्या थांबलेल्या वेळात वारा पडला. खांबांच्या टोकांवरच्या फिती लोंबल्या. एक सँडविचचा कागद टेक्सासपासून उडत आला होता म्हणतात, तो ऑरिनच्या बुटापाशी येऊन झोपला.

"आजोबा, वारा पडलाय. सरळ मधे मार."

"वारा पडत नसतो, मॅकी. दम घेतो."

"अरे, फिती तरी बघ."

"फितींना काय कळतंय? माझा काकाही असाच फसला."

मॅकीने उसासा टाकला आणि चेंडू टेकवला. ऑरिनने दुखऱ्या पायात उरलंसुरलं सगळं घालून ढोलावर नेम धरला. चेंडू वळला नाही. वळवायला कुणी नव्हतंच. मैदान गप्प झालं आणि त्या शांततेत ढोल वाजला. ढुम्म. पुढच्या काउंटीतल्या गाई त्या आवाजाने जेवायच्या वेळेआधीच गोठ्यात आल्या.

ऑरिन गावी परतला आणि सकाळी लोरीनच्या कॅफेत शिरला. सगळे आपापल्या कपात बघू लागले. लोरीनने कॉफी ओतली.

"ऑरिन, साखर उजवीकडे आहे रे. डावीकडे जाऊ नकोस."

कॅफे हसलं. कोपऱ्यातून कुणीतरी टेबलावर बोटाने ढोल वाजवला. डेलबर्टकाकाने शेजारच्या खुर्चीवरची हॅट उचलून मांडीवर घेतली. ऑरिन थोडा वेळ उभा राहिला, मग बसला.

"आज मला दाराचं कुणी बोललं नाही," काका म्हणाला.

"सोय झाली तुमची."

"झाली खरी." काकाने आपल्या ॲपल पायची बशी त्याच्यापुढे सरकवली. "पहिली गेली होती. मी टीव्हीवर बघितली."

"ती धरत नाहीत, काका."

"न धरू देत. मी धरली. खा."

बाहेर वाऱ्याने पाटी खडखडवली. ऑरिनने तिकडे पाहिलंही नाही. टेबलाखाली त्याने उजवा पाय हळूहळू लांब केला आणि तसाच राहू दिला. आता त्याला कुणी बोलावणार नव्हतं.