रुईत निजलेला पंखा

मित्रांनो, तुमच्या घराच्या छताला जो गरगरतो ना, तो माझा धाकटा आणि फार लाडावलेला भाऊ. मीही पंखाच, पण कापसाच्या जिनिंगमधला, भिंतीच्या गोल भोकात बसणारा. आता वय झालं माझं. चार फूट रुंद लोखंडी कडं आणि त्यात सहा पाती, एवढाच माझा संसार. माझं काम वारा घालायचं नाही. जिनिंगमध्ये रुई आणि सरकी वेगळी होताना जी बारीक धूळ उठते, ती ओढून शेडबाहेर टाकायची, हे माझं काम. वारा घालणाऱ्याचं कौतुक सगळे करतात, धूळ खाणाऱ्याकडं कोणी मान वर करून बघत नाही. मला त्याचं वाईट वाटत नाही. म्हणजे, थोडंसं वाटतं.

माझा जन्म अमरावतीतल्या एका छोट्या कारखान्यात झाला. तिथल्या म्हाताऱ्या कारागिरानं मला आसावर चढवलं आणि एका बोटानं फिरवलं. जे पातं खाली येऊन थांबायचं ते जड. ते कानशीनं घासायचं, की पुन्हा बोटानं फिरवायचं. असा त्याचा अख्खा दिवस गेला. शेवटी मी कुठंही थांबू लागलो तेव्हा तो म्हणाला, "आता तोल साधला बाप्पा. याचा तोल गेला तं हा पंखा नाई राह्यत, तोफ होते." मग वरुडच्या संत्र्यांच्या ट्रकमध्ये एका कोपऱ्यात उभा राहून मी अकोल्याला आलो. पेट्यांच्या फटींतून येणारा तो वास मला अजून झोपेत येतो.

झोपेचं सांगायचं तर जिनिंगमधल्या यंत्राला झोप फार. दसऱ्याला हंगाम सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. मग शेडचे पत्रे दुरुस्त होतात, आणि मला भिंतीतून काढून गोदामात ठेवतात. बाहेर पाऊस असतो, आत अंधार असतो, आणि मी स्वप्नं बघतो. स्वप्नात काळ्या रानावर पांढरी बोंडं उमलतात, त्यांचे तंतू सुटतात आणि सगळं आभाळ हलकं होऊन माझ्याकडं येऊ लागतं. मी फिरत नाही, तरी ते येतं.

माझी देखभाल करायचे देवमन मिस्तरी. पंचवीस वर्षं त्यांनी या जिनिंगमधला एकेक नट हातानं ओळखला. आणि माझ्या अगदी समोर बसायची केशरबाई. पट्ट्यावरून जाणाऱ्या कापसातला कचरा ती वेचायची. तिच्या पाठीमागं खिडकी, पुढं पट्टा आणि पट्ट्यापलीकडं मी. खिडकीतली ताजी हवा तिच्या अंगावरून यायची, पट्ट्यावरची धूळ उचलायची आणि माझ्यातून बाहेर जायची. इतक्या वर्षांच्या धुळीनं तिची छाती घरघरू लागली होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, धूळ नाकात जाऊ देऊ नका, नाहीतर काम सोडा. काम सोडलं तर घरी खायचं काय? म्हणून ती जागा तिनं मागून घेतली होती. माझ्यावर तिचा श्वास चालत होता, असं मी म्हटलं तर तुम्ही मला गर्विष्ठ म्हणाल. म्हणा.

गेल्या वर्षीचा हंगाम संपला तेव्हा मला उतरवण्याची घाई झाली. दोर माझ्या कड्याला बांधायचा असतो. त्या दिवशी तो पात्यांतून ओवला, कारण तसं लवकर होतं. माझा सगळा भार एका पात्यावर आला आणि त्याच्या मुळाशी केसाएवढी चीर पडली. ती कोणाला दिसली नाही. मला कळली, पण मी कोणाला सांगणार?

पुढचं मात्र प्रेमापोटी झालं. आमच्याकडं कापूस म्हणजे सगळ्या दुखण्यावरचा उपाय. जखमेवर कापूस, कानात कापूस, बाळाच्या उशाला कापूस. देवमन मिस्तरींनी मला गोदामात आडवं केलं, माझ्या आसाभोवती आणि बेअरिंगभोवती मूठमूठ रुई दाबली, वरून बारदाना गुंडाळला आणि म्हणाले, "नीज आता. गादीवर निजून राहिला लेका तू." मलाही ते फार आवडलं. इतकं मऊ मला आयुष्यात कोणी ठेवलं नव्हतं. नंतर जागा नाही म्हणून कोणीतरी माझ्या अंगावर पोत्यांची थप्पी लावली, तेही मी झोपेत सहन केलं. उंदरानं रुईत घर केलं, त्याची गुलाबी पिल्लं माझ्या तुंब्याशी, म्हणजे सगळी पाती जिथं जोडलेली असतात तिथं, अंग चोरून झोपली. मला वाटलं, सुख म्हणतात ते हेच असावं. पण रुई पावसाळी हवेतलं पाणी पीत होती आणि ते सगळं माझ्या बेअरिंगला पाजत होती. मी गंजत होतो, मित्रांनो, आणि गोड स्वप्नं बघत होतो.

दसरा आला. आदल्या दिवशी बारदाना आणि वरवरची रुई काढून मला भिंतीत बसवलं, आत आसाभोवती दाबलेली तशीच राहिली. माझ्या पात्यांपुढची लोखंडी जाळी पोत्यांखाली वाकली होती, म्हणून ती "मंग लावू" म्हणत कोपऱ्यातच राहिली. मिस्तरींनी माझ्या तुंब्याला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. मुहूर्ताचा कापूस यंत्रात पडला, धूळ उठली आणि केशरबाईला खोकल्याची उबळ आली.

"लावा ना भाऊ पंखा! काहून थांबून राहिले? जीव गुदमरून राहिला माहा."

मिस्तरींचा हात बटणाकडं गेला. खरं सांगतो, मलाही फिरायचं होतं. चार महिने निजलेल्याला जाग आल्यावर अंग मोकळं करावंसं वाटतंच. पण समोर, सात-आठ हातांवर, केशरबाईचा चेहरा होता. जाळी नव्हती. आणि चीर होती. मला इतकी भीती कधीच वाटली नव्हती.

"काका, थांबा जरा. हातानं फिरवून पाहू द्या."

ही माया. बडनेऱ्याची पोर. आयटीआय करून महिन्यापूर्वीच फिटर म्हणून लागलेली, रोज रेल्वेनं येणारी. तिनं आधी बोर्डातला फ्यूज काढून खिशात घातला, मग माझा हार उतरवला आणि मला हळूच फिरवलं. मी कण्हलो. बेअरिंगमधून गंजाची भुकटी तिच्या हातावर पडली.

"अवं, रुईत ठेवला होता मी त्याले! लेकरासारखा," मिस्तरी म्हणाले.

"रुईनंच केलं काका हे. ते पाणी धरून ठेवते. लोखंडाले ऊब नाई, कोरडं लागते." मग तिनं हातोडीच्या लाकडी दांड्यानं एकेक पातं वाजवलं. टण. टण. टण. टण. पाचवं वाजलं ते मातीच्या फुटक्या घागरीसारखं. चार महिने जे सांगता येत नव्हतं, ते माझ्याकडून सांगून झालं.

"थोडा वेळ तं चालव वं माय," केशरबाईनं हात जोडले. "मी काय सोनं मागून राहिली काय? श्वासच मागून राहिली ना!"

"मावशी, हे पातं सुटलं तं तुमच्याच अंगावर येईन. मी नाई लावणार."

मिस्तरींचा चेहरा लाल झाला. "पंचवीस वर्षं झाले मले इथं. काल आलेली पोर मले शिकवून राहिली!"

मायानं त्यांचं बोट धरलं आणि माझ्या पात्याच्या मुळाशी टेकवलं. नट हातानं ओळखणारं ते बोट चिरेवरून एकदा गेलं, परत आलं. त्यांनी केशरबाईकडं पाहिलं. मग ते स्वतः चालत गेले आणि मुहूर्ताचं यंत्र बंद केलं. दसऱ्याला सुरू केलेलं यंत्र बंद करणं आमच्याकडं अपशकुन समजतात. कोणीतरी पुटपुटलं. मिस्तरी म्हणाले, "अपशकुन माह्यावर घ्या. मशीन नाई चालणार." आणि माझ्या पोटातली ती काळी, ओली रुई मूठमूठ उपसताना त्यांचे डोळे वाहत होते. त्यांचा मला राग आला नाही. आजही येत नाही.

आठ दिवस जिनिंग थांबली. मायानं मला अमरावतीला नेलं, नवी पाती, नवी बेअरिंग घालून तोल साधून आणलं आणि आधी जाळी बसवली, मगच फ्यूज. मग हंगामभर मी केशरबाईसमोर फिरलो.

आता पुन्हा पावसाळा आहे. मी गोदामात आहे, पण उभा. खाली लाकडी फळ्या, बेअरिंगला ग्रीस, अंगावर सैल ताडपत्री, आणि रुई औषधालाही नाही. मिस्तरींनी भिंतीवर कोळशानं लिहिलंय, "पंख्यावर काही ठेवू नये. देवमन." दर सोमवारी ते येतात आणि एकाच जागी भार पडून बेअरिंग बसू नये म्हणून मला हातानं चार फेरे देतात. मित्रांनो, चालत्या यंत्राला हार सगळेच घालतात. तुमच्या घरी, शेतात, शाळेत एखादं यंत्र बंद करून ठेवलेलं असेल, तर अधूनमधून त्याच्याकडं जा. त्याला जे हवं ते द्या, तुम्हाला आवडतं ते नको. आणि सुरू करण्याआधी एकदा हात लावून विचारा.

या सोमवारी मिस्तरी तापानं पडले होते. मी स्वप्नात होतो, एवढ्यात दार करकरलं. केशरबाई होती. हंगाम नाही, काम नाही, तरी मिस्तरींचा ताप कळल्यावर पावसात गावाहून चालत आलेली. पदरानं हात कोरडे करून तिनं मला चार फेरे दिले, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "बरा आहेस रे बाप्पा." मग पाऊस थांबेपर्यंत ती माझ्याजवळ फळीवर बसून राहिली. अर्धा तास असेल. त्या अर्ध्या तासात ती एकदाही खोकली नाही. मी जागाच होतो.