नजरेच्या टप्प्यात

"बसा वैनी, बसा बिगीनं. कोण गेलं?"

दूधवाल्या ग्यानोबानं फटफटी आडवी घालून विचारलं, तेव्हा उज्वलाच्या तोंडून शब्द फुटायची सोय नव्हती. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ती रस्त्याच्या कडेला वाकून उभी होती. छातीचा भाता नुसता वरखाली होत होता.

उजाडायला अजून अवकाश होता. जळकोटकडे जाणाऱ्या त्या रस्त्यावर अशा वेळी दोनच प्रकारची माणसं भेटतात, दूधवाली आणि शेतात पाणी द्यायला निघालेली. त्यात ही एवढी अंगानं सुटलेली बाई, साडीवर नवऱ्याचा जुना शर्ट चढवून, पदर खोचून, धापा टाकत पळत चाललेली. ग्यानोबाचं तरी काय चुकलं? आपल्याकडे चाळिशी ओलांडलेली बाई रस्त्यानं पळते ती एकाच कारणानं. माहेरी कुणाचं तरी बरंवाईट झालेलं असतं.

"कुणी न्हाई गेलं," थोडा दम आल्यावर ती म्हणाली. "तनू पळायलीय पुढं. पोलीस भरतीचं."

"मग तुमी?"

"मी तिच्या संगं."

ग्यानोबानं पुढं बघितलं, मागं बघितलं. संगं तर कुणीच दिसत नव्हतं. बसा गाडीवर, आत्ता गाठून देतो पोरीला, असं तो भल्या मनानं म्हणाला. तिनं नको म्हटलं तसा तो निघून गेला, आणि दूध घालता घालता ही बातमीही घरोघर घालून आला.

तनुजा ही उज्वला आणि शेषेरावांची एकुलती एक लेक. कॉलेज संपवून घरी बसली होती आणि वर्दीचं वेड घेऊन बसली होती. आधी ती एकटीच पळायला जायची. मग एका पहाटे दोन पोरं फाट्यापासून गावापर्यंत गाडी हळू चालवत तिच्या मागं मागं आली. ती कुणाला बोलली नाही, पण गावात न बोललेलंच आधी कळतं. शेषेराव काही आरडाओरडा करणारा माणूस नव्हता. पळणं बंद, एवढंच म्हणाला. त्यात लातूरहून स्थळ चालून आलं. मुलगा आदिनाथ, डाळमिलात सुपरवायझर, घर स्वतःचं. नाव ठेवायला जागा नव्हती.

तनुजा भांडली नाही. फक्त ही एक भरती करू द्या म्हणाली, आणि तोंड फिरवून भांडी घासत बसली. त्या भांड्यांचा आवाज ऐकूनच बहुतेक शेषेराव नरमला.

"या भरतीत लागली तर लागली," तो म्हणाला. "न्हाई तर उन्हाळ्यात बार उडवून टाकू. आन् एकलीनं जायचं न्हाई."

आता संगं जाणार कोण? पहाटे लाईट असली की शेषेरावाला मोटार चालू करायला शेतावर जावं लागायचं. चुलतभाऊ पुण्याला कंपनीत. उज्वला चुलीपुढून म्हणाली, मी जाते. शेषेराव त्या दिवसांत पहिल्यांदा हसला. हसण्यासारखंच होतं ते. उज्वलाचं वजन किती हे तिला स्वतःला ठाऊक नव्हतं. पण ती चढली की जळकोटचा ऑटोवाला म्हणायचा, चला, वैनी बसल्या, गाडी भरली. सगळे हसायचे आणि तीही हसायची. दुसरं काय करणार?

"नजरंआड होऊ द्यायची न्हाई पोरीला. जमंल का?" शेषेरावानं विचारलं.

"जमंल."

कसलं जमतंय! ती चार पावलं चालते तोवर तनुजा पुलापलीकडे दिसेनाशी व्हायची. मग पोरगी बिचारी परत यायची, आईला हात दाखवायची, पुन्हा पळायची. घाण्याच्या बैलासारखं त्याच तुकड्यात गोल गोल. असं पळून कुणाची भरती होते का? ते उज्वलाच्याच आधी लक्षात आलं. एका सकाळी तिनं कुणाला न सांगता चालता चालता पळायला सुरुवात केली.

पळायला म्हणजे काय, एका लिंबापासून दुसऱ्या लिंबापर्यंत. तेवढ्यात डोळ्यांपुढं काजवे चमकले. बरगडीत कळ निघाली. मांड्या घासून घासून सोलवटल्या, त्यावर खोबरेल चोळून ती दिवसभर पाय फाकवून चालायची. पोट हलायचं, छाती हलायची, त्याची तिला काळोखातसुद्धा लाज वाटायची. तो शर्ट त्याच्यासाठीच होता. घरी येऊन ती न्हाणीघरात तोंडावर पाणी मारत बसायची, म्हणजे रडलेलं कळू नये. पण दुसऱ्या दिवशी तनुजाच्या आधी उठलेली असायची.

मग हळूहळू दोघींचं एक ठरत गेलं. ठरवलं कुणीच नाही, आपोआप बसलं. तनुजा पुढं पळायची, थोडं गेल्यावर मान वळवून मागं बघायची. आई दिसली की पुढं. आईचं काळंशार धूड दिसलं नाही की पाय हळू करायची. उज्वला लांबून हात वर करायची, आले आले, तू जा. पोरीचा वेग वाढला तशी उज्वलाला जास्त पळणं भाग पडलं. लिंबापासून पूल, पुलापासून पीर, पिरापासून फाट्याच्या अलीकडचा उतार. थंडी संपता संपता ती फाट्यापर्यंत न थांबता जायला लागली. म्हशीच्या चालीनं का होईना, जायला लागली.

ब्लाउज सैल झाले. बाया नळावर विचारायच्या, उज्वला, शुगर निघाली की काय गं? एकीनं तर हळूच विचारलं की घरात काही तंटा चाललाय का. सुखानं कुणी बारीक होतं हे कुणाला पटेना. उज्वलाला मात्र आयुष्यात पहिल्यांदा आपलं अंग आपलं वाटायला लागलं होतं. फाट्यावर पोचल्यावर तनुजा आईच्या पाठीवर थाप मारायची, दोघी कठड्यावर बसून घाम पुसायच्या, आणि उजाडताना दिसायचं. उज्वलाला वाटायचं, ही भरती कधी येऊच नये. आणि असं वाटलं की ती मनातल्या मनात स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यायची.

भरती आली. तनुजानं अर्ज नांदेडचा भरला होता. आदल्या दिवशी मायलेकी कंधारमार्गे एसटीनं नांदेडला गेल्या. बसमध्ये शेजारच्या गावची सिंधु भेटली, तीही त्याच मैदानाला निघाली होती. सकाळी पोरी आत गेल्या आणि त्यांची माणसं बाहेर भिंतीच्या सावलीला बसली. उज्वलाला भिंतीपलीकडचं काही दिसत नव्हतं. शिट्टी ऐकू आली की ती उठून उभी राहायची. कुठली शिट्टी आपल्या पोरीची हे कसं कळणार? तरी प्रत्येक शिट्टीला उठायची.

तनुजा बाहेर आली ती "झालं" एवढंच म्हणाली आणि पाण्याची बाटली तोंडाला लावली. मागून सिंधु आली. तिच्या पोटात काही राहत नसे.

"काकू, हिला काय झालं तं इचारा की जरा. चांगली पुढं होती सगळ्यांच्या. आन् मागं कशाला बघायलती काय म्हाईत. बघायची आन् पाय हळू करायची. शेवटच्या वळणावर बघितली तवा दोघी-तिघी निघून गेल्या की पुढं."

उज्वला लेकीकडे बघत राहिली. तनुजानं बाटलीचं झाकण लावलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.

"सवय लागलीय गं आई," ती म्हणाली. "ध्यानातच न्हाई आलं."

येताना बसमध्ये तिच्या खांद्यावर डोकं ठेवून तनुजा झोपली. लोह्यापासून कंधार आलं, कंधारपासून जळकोट आलं, पण उज्वलानं खांदा हलवला नाही. आपण घरी बसलो असतो तर, हे तिच्या मनातून जाईना. आपण तिच्या पायात पाय घातला. पोरीला सांभाळायला गेलो आणि पोरगीच आपल्याला सांभाळत बसली.

यादी लागली. तिच्यात तनुजाचं नाव नव्हतं, थोडक्यासाठी नव्हतं. शेषेरावानं यादी स्वतः मोबाइलवर खालीवर करून बघितली, जळकोटला जाऊन एका ओळखीच्या मास्तरलाही विचारून आला. यादी ती यादी. तिसऱ्या दिवशी सकाळी तो ओसरीवर भाकरी खायला बसला, तेव्हा उज्वला समोर येऊन उभी राहिली.

"आणखी एक वर्स द्या तिला," ती म्हणाली. "पोरगी कमी न्हाई पडली. माझ्यापायी गेलं तिचं." आणि तिनं सिंधुनं सांगितलेलं सगळं सांगितलं.

शेषेरावानं घास हातात तसाच ठेवून ऐकून घेतलं. "मग आता काय म्हणतीस?"

"आता मी न्हाई जाणार तिच्या संगं."

शेषेरावानं वर बघितलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, ती भांडली असती.

"मग कोण जाणार?" त्यानं विचारलं.

ती गेली तर पोरगी मागं बघणार. ती नाही गेली तर पोरीला दाराबाहेर पाय टाकता येणार नाही. तिनं लातूरच्या पोलीस भरतीच्या अकॅडमीचं नाव काढून बघितलं. शेषेराव म्हणाला, जिथं सोयरिकीचा शब्द दिलाय त्याच गावात पोरगी पळायला ठेवू? लोक काय बोलतील? आणि शब्द दिलेला आहे, चार माणसांत दिलेला आहे. तो बोलत होता आणि त्याचाच आवाज बसत चालला होता.

तनुजा आतून आली. तिनं बापाच्या पुढचं ताट बघितलं, त्यात भाजी वाढली, आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, लातूरवाल्यांला कळवा. मी तयार हाय."

मग उन्हाळ्यात लग्न झालं. चांगलं झालं, म्हणजे लोक जेवून चांगलं म्हणाले. तनुजा गेल्यावर उज्वला काही दिवस पहाटे जागी व्हायची आणि छताकडे बघत पडून राहायची. एकटीनं कुठं पळणार आणि कशाला? गुडघे धरले. ब्लाउज पुन्हा तटतटले. ऑटोवाल्यानं पुन्हा चेष्टा केली, ती या वेळी हसली नाही, तेव्हा तोच ओशाळला.

श्रावणात व्याह्यांच्या घरी लातूरला सत्यनारायण होता. शेषेराव सोयाबीनच्या फवारणीसाठी संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. उज्वलाला विहीणबाईंनी, तारामतीबाईंनी, आग्रहानं ठेवून घेतलं. बाई मनानं चांगली होती. सुनेला साडीच नेस असं म्हणायची नाही, जेवताना हातानं वाढायची. आदिनाथही साधा होता. उज्वलाला खोट काढायला काही सापडेना, आणि न सापडल्याचंच तिला वाईट वाटत होतं.

घर दुसऱ्या मजल्यावर होतं, पुढं छोटी गॅलरी. सकाळी उज्वला आणि तनुजा तिथं चहा घेऊन उभ्या होत्या. खालून आवाज आला. अकॅडमीच्या पोरी चालल्या होत्या पळत, एकसारखे टी-शर्ट घातलेल्या, मागं शिट्टी वाजवत त्यांचा सर. गल्ली बुटांच्या आवाजानं भरून गेली. तनुजा कप हातात धरून बघत राहिली. तिचा चेहरा भरला होता, गळ्यात मंगळसूत्र चमकत होतं. पोरी वळणावरून दिसेनाशा झाल्या तरी तिचा चहा तसाच होता.

"चल," उज्वला एकदम म्हणाली. "जरा पळून येऊ. मी पुढं पळते या बारी, तू मागून ये."

तनुजा हसली. मग तिनं आत बघितलं. आत तारामतीबाई देवापुढं दिवा लावत होत्या. त्यांनी ऐकलं असावं. आल्या आणि समजुतीनं म्हणाल्या, फिरायला ना न्हाई हो विहीणबाई, पण नवी सून हाय, वरीसभर तरी जाऊ द्या. गल्लीत नावं ठेवायला लई माणसं हायत.

"बरुबर हाय," उज्वला म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

तारामतीबाई आत गेल्या. तनुजानं आईच्या हातातला कप काढून घेतला आणि कठड्यावर ठेवला.

"तू जा आई," ती हळू म्हणाली. "मी हितून बघते."

तिनं पदर खोचला आणि जिना उतरली. गल्लीत किराणा दुकानदार शटर वर करत होता, तो थांबून बघायला लागला. नवी साडी, पायात चपला, आणि अंगाचं पुन्हा होतं तेवढं ओझं. चारच पावलांत तिला धाप लागली. बरगडीत तीच जुनी कळ उठली. पण वर कोण उभं आहे हे तिला माहीत होतं, म्हणून ती थांबली नाही. मान ताठ ठेवून, हातांच्या मुठी वळून, ती जमेल तशी पळत राहिली.

गल्लीच्या टोकाला मोठ्या रस्त्याचं वळण होतं. तिथून पुढं गॅलरी दिसली नसती. उज्वला वळणापर्यंत पळत गेली आणि वळायच्या आधी थांबली.