पाचवी मॅच

ज्या माणसाने उभ्या आयुष्यात बर्फ फक्त उसाच्या रसात पाहिला, तो सिंगापूरमध्ये येऊन आइस हॉकीच्या टीमचा मॅनेजर झाला, ह्यात सुनेत्राला काहीच नवल वाटलं नव्हतं. प्रताप देवस्थळी कशाचाही मॅनेजर झाला असता. कुठेही चार माणसं जमून गोंधळ घालू लागली की तिचा हा नवरा लॅपटॉप उघडून एक एक्सेल शीट तयार करायचा आणि माणसं सुटलो एकदाचे म्हणून त्याच्या स्वाधीन व्हायची. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या कुपनांचं असंच झालं होतं. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची त्याला हौसच होती. भाजेना का! पण ह्या खेपेला त्याने घरच्या पोरीच्या ताटातली भाकरी उचलून दुसऱ्याला वाढली होती, आणि फायनलची सकाळ उजाडली तरी सुनेत्राचा संताप काही उतरत नव्हता.

पोरगी म्हणजे गार्गी. वय वर्षं सतरा, जुरोंग वॉलरस टीमची गोलकीपर. २०१२ साली जुरोंग ईस्टला त्यांच्या फ्लॅटपासून दहा मिनिटांवरच्या मॉलमध्ये बर्फाची रिंक सुरू झाली, तेव्हा तेरा वर्षांची गार्गी एका मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिथे गेली आणि परत आली ती दोन्ही गुडघे फोडून, हसत. पुढच्या चार वर्षांत ती कॅनडाच्या बँकवाल्यांमध्ये आणि फिनलंडच्या इंजिनिअरांमध्ये उभी राहून गोल अडवायला लागली. वॉलरसमध्ये सगळे नोकरीधंदा सांभाळून खेळणारे. पण रविवारी सकाळी बर्फावर उतरले की एकेकाचा आव असा, की जणू ह्यावरच घर चालतं.

प्रताप लेकीला सोडायला जायचा, तिथून टीमचा मॅनेजर झाला. झाला त्याच दिवशी त्याने गार्गीला सांगितलं, "रिंकवर मला बाबा म्हणायचं नाही. बाकीचे मिस्टर डी म्हणतात, तूही तेच म्हण. उगीच वशिला वाटतो. वाईट दिसतं."

'वाईट दिसतं' हे त्याच्या घराण्याचं ब्रीदवाक्य होतं. त्याचे वडील, अण्णा, ठाण्याला शाळेत गणित शिकवायचे. प्रताप त्यांच्याच वर्गात. पहिला नंबर असूनही अण्णांनी त्याला मॉनिटर होऊ दिलं नाही, लोक म्हणतील मास्तरांनी स्वतःच्या पोराला बसवला. ही गोष्ट प्रताप डोळ्यांत पाणी आणून सांगायचा. लग्न ठरत असताना सुनेत्रालाही सांगितली होती आणि तेव्हा ती भारावली होती. बावीस वर्षांची होती, दुसरं काय! जगात आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं असतं. देवस्थळींकडे हे नेमकं उलटं चालतं, हे कळायला तिला अर्धं आयुष्य लागलं.

सीझनमध्ये दहा मॅच. टीमला गोलकीपर दोन, गार्गी आणि चाळिशीचा क्रेग. लीगचा नियम असा, की ज्या गोलकीपरने पाच मॅच खेळल्या असतील त्यालाच सेमीफायनल आणि फायनल खेळता येते. पाच आणि पाच. पहिलीतलं पोर करील असं गणित. सुनेत्राने फ्रिजवरच्या कॅलेंडरवर गार्गीच्या मॅचला लाल गोल केले होते. नवव्या मॅचपर्यंत गार्गीच्या चार झाल्या, क्रेगच्या पाच. दहावी गार्गीची, ह्यात शंकेला जागाच नव्हती.

त्या आठवड्यात क्रेगचे आईवडील कॅनडाहून आले.

आणि प्रतापने दहावी मॅच क्रेगला दिली. क्रेग बिचारा नको नको म्हणत होता, ही गार्गीची मॅच आहे, आईबाबा मला सरावात बघतील. पण हा ऐकेल तर ना! "पाहुणे एवढ्या लांबून आलेत आणि मुलगा बाकावर बसलेला? आमच्यात असं करत नाहीत. गेस्ट फर्स्ट." क्रेगच्या आईने प्रतापचे दोन्ही हात हातात घेऊन आभार मानले. तो फोटो त्याने टीमच्या ग्रुपवर टाकला. घरी आल्यावर सुनेत्राने विचारलं, पाचवीचं काय? तर म्हणाला, "क्रेग आहे ना फायनलला. ती लहान आहे, पुढच्या वर्षी खेळेल."

पुढच्या वर्षी! महिलांच्या राष्ट्रीय संघाला दुसरी गोलकीपर ह्या वर्षी हवी होती. त्यांच्या कोचबाई मुली निवडायला फायनल बघणार होत्या, फक्त फायनल. हे प्रतापला पक्कं माहीत होतं, कारण त्याचा मेल टीममध्ये सगळ्यात आधी त्यालाच आला होता. गार्गीने कॅलेंडरचं ते पान फाडलं, आणि सुनेत्राला वाटलं, हिने आदळआपट केली असती तर बरं झालं असतं.

मग सेमीफायनल जिंकता जिंकता क्रेगचा गुडघा पिरगाळला. डॉक्टरने महिनाभर खेळू नको म्हणून सांगितलं. आता गोलमध्ये कोण? प्रतापने ग्रुपवर मेसेज टाकला, की नियमानुसार गार्गी खेळू शकत नाही, त्यामुळे मिक्को उभा राहील. मिक्को हा फिनलंडचा सहा फुटी गडी, बचावाला उत्तम, पण गोलकीपरचे पॅड त्याने जन्मात बांधले नव्हते. लोकांनी विचारलं, काही मार्ग नाही का? प्रतापने उत्तर दिलं, रूल इज रूल. सिंगापूरमध्ये ह्यावर पुढे कोण बोलणार?

फायनल रविवारी अकराला. सुनेत्रा साडेनऊलाच मॉलशेजारच्या हॉकर सेंटरमध्ये कॉफी घेऊन बसली होती. घरी थांबली असती तर भांडी फुटली असती. तेवढ्यात मिसेस टे तिच्यासमोर येऊन बसल्या. समोरच्या टीमच्या त्या मॅनेजर, साठीच्या, गळ्यात शिट्टी, हातात टोस्ट.

"सुनेत्रा, युवर हजबंड नेव्हर सबमिट द फॉर्म, आह?"

"कुठला फॉर्म?"

मिसेस टेंनी टोस्ट खाली ठेवला. गोलकीपर जखमी झाला आणि दुसऱ्याच्या मॅच कमी भरत असल्या, तर दोन्ही टीमच्या सह्यांनी लीग सूट देते. मॅचच्या एक तास आधीपर्यंत अर्ज रिंकवरच्या लीगच्या टेबलावर पोचला पाहिजे. प्रतापला मागायला लाजल्यासारखं होईल म्हणून गुरुवारी त्यांनी स्वतःच अर्ज भरला, सही केली आणि त्याला मेल केला. "दॅट टॉल मॅन कॅनॉट कीप, लाह. बीट हिम फॉर व्हॉट? नो फेस, नो ऑनर. वी वॉन्ट टू बीट गार्गी."

सुनेत्राच्या तळपायाची आग मस्तकात गेली. परक्या टीमच्या बाईला ह्या पोरीची किंमत कळत होती. गुरुवारपासून तीन दिवस हा माणूस त्याच घरात जेवला, झोपला, पोरीला भाजी वाढताना 'आणखी घे' म्हणाला, आणि अर्ज दाबून बसला! तिने कॉफी तशीच टाकली. घड्याळात नऊ पन्नास झाले होते.

ती धावतच रिंकवर पोचली. कपडे बदलायच्या खोलीबाहेर बाकावर मिक्को पाय पसरून बसला होता आणि जमिनीवर उकिडवी बसून त्याच्या पायांना पॅड बांधत होती गार्गी. पट्टा किती घट्ट हवा, कुठला आधी, कुठला नंतर, ते त्याला समजावून सांगत होती. प्रताप शेजारी उभा राहून क्लिपबोर्डवर खुणा करत होता.

"अर्ज कुठाय?" सुनेत्रा म्हणाली.

"कसला अर्ज?"

"मिसेस टेंनी पाठवलेला. वेड पांघरू नकोस, मला सगळं कळलंय."

प्रतापने इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोल. लोक बघतायत."

"बघू देत! आज सगळ्यांना बघू देत. अर्ज का नाही दिलास?"

"सुनेत्रा, नियमांचा मेल मी स्वतः सगळ्यांना पाठवलाय. आता माझ्याच मुलीसाठी सवलत मागू? वाईट दिसतं."

"कोणाला?"

"म्हणजे?"

"कोणाला वाईट दिसतं, प्रताप? क्रेगला? मिक्कोला? का मिसेस टेंना, ज्यांनी आपण होऊन सही केली? नाव सांग मला. एक नाव सांग, मी निमूट घरी जाते."

प्रतापने नेहमीचंच काढलं, "अण्णांनी मला..."

"अण्णांनी तुला मॉनिटर होऊ दिलं नाही आणि तू पन्नाशीला आलास तरी ते सांगत फिरतोयस! विसरला असतास तर गोष्ट वेगळी. तुला एवढं लागलं ना? मग हिला लागत नसेल?"

मिक्कोला मराठीतलं अक्षर कळत नव्हतं, पण त्याने पायातला पॅड सोडायला सुरुवात केली होती. गार्गी मान खाली घालून तशीच बसून होती.

सुनेत्राने क्लिपबोर्ड हिसकावला. सगळ्यात खाली, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये, अर्ज होता. ह्या गृहस्थाने तो छापून, तारीख घालून, व्यवस्थित लावून ठेवला होता. फक्त त्याची सही तेवढी नव्हती. टाकून दिला असता तरी तिला एवढा राग आला नसता.

"तुला नाही करता येणार," प्रताप म्हणाला. "टीमच्या अधिकाऱ्याचीच सही लागते."

तेव्हा सुनेत्रा सीझनमध्ये पहिल्यांदाच हसली, आणि ते हसू काही गोड नव्हतं. लीगच्या नोंदणीत अधिकाऱ्यांची दोन नावं लागतात. सप्टेंबरात प्रतापने दुसऱ्या रकान्यात बायकोचं नाव टाकलं होतं, "नुसतं नावाला गं" म्हणून. नावाला लागलेली ती बाई दहाही मॅच थंडीत कुडकुडत, खेळाडू बर्फावर ये-जा करतात ते बाकाचं दार उघडत-लावत उभी राहिली होती. सुनेत्रा देवस्थळी, असिस्टंट मॅनेजर. तिने कागद भिंतीला लावला, त्याच्याच खिशातलं पेन ओढून सही ठोकली आणि टेबलाकडे पळाली. दहाला दोन मिनिटं कमी होती.

वॉलरस हरले. दोन विरुद्ध एक. पण तेहतीस वेळा ती काळी चकती गार्गीवर आली आणि एकतीस वेळा तिने ती अडवली. कधी पायाने, कधी छातीने, एकदा तर आडवी पडून हेल्मेटने. मिसेस टे स्वतःच्या टीमला ओरडायचं सोडून टाळ्या वाजवत होत्या. सुनेत्रा बाकाचं दार उघडत होती, लावत होती आणि मध्येच बाहीने नाक पुसत होती. रिंकवर थंडी फार असते.

मॅच संपल्यावर रिवाजाप्रमाणे दोन्ही टीमनी रांगेने हात मिळवले. मग लोकांनी प्रतापला घेरलं. काय पोरगी आहे, केवढा अभिमान वाटत असेल! प्रताप मान डोलवत म्हणत होता, हो, हो, लहानपणापासून जिद्दीची. ते त्याला मनापासून वाटत होतं, हेच सुनेत्राला सगळ्यात असह्य झालं. त्या माणसाला लेकीचा खरोखर अभिमान होता. तो बाळगून वर तिची संधी मारायला त्याची हरकत नव्हती.

कोचबाई आल्या. फार बोलल्या नाहीत. शनिवारी सकाळी आठला सरावाला ये, म्हणाल्या, आणि गार्गीच्या हातात एक कागद ठेवला. अठरा पूर्ण नाहीत, म्हणून पालकाची सही लागेल.

प्रतापने खिसा चाचपला, पेन नव्हतं. ते सुनेत्राकडेच राहिलं होतं. त्याने तिच्याकडे हात पुढे केला आणि लेकीला म्हणाला, "आण गं इकडे, मी करतो."

गार्गी घामाने निथळत होती. केस कपाळाला चिकटलेले, गालावर हेल्मेटचा वळ. तिने कागद त्याच्यासमोरून नेला आणि आईच्या हातात दिला.

"तुम्ही नको, मिस्टर डी," ती शांतपणे म्हणाली. "वाईट दिसतं."

प्रतापचा हात तसाच पुढे राहिला. सुनेत्राने पेनाचं टोपण काढलं. पोरीला टोकावं असं तिला क्षणभर वाटलं, पण टोकलं नाही. तिने सही केली.